काचेत बघून दाबलेलं बटण

मुक्काम : डब्यांचा कारखाना
४ जुलै

चि. टिटवीस,
सातवीत दप्तर टाकून पळालेल्या दादाचे अ. उ. आशीर्वाद.

घे बाई, लिहिलं एकदाचं पत्र. फोन नको, पत्र लिही, तेवढंच तुझं अक्षर सुधारेल, असं तू आईकरवी कळवलंस. दोन महिने झाले, फोन केला की आई उचलते. तू शेजारीच बसलेली असतेस आणि हातानेच नको नको करतेस म्हणे. दहावीत गेलीस, आम्हा अडाण्यांना शिकवणार, ते ठीकच आहे. पण मास्तरीणबाई, लहानपणी तुझ्या किंकाळीने अख्खी गल्ली जागी व्हायची म्हणून तुझं नाव टिटवी पडलं. आता तीच टिटवी फोनवर दोन शब्द बोलायला महाग झाली?

आईला सांग, तिची भिंगरी, म्हणजे मी, एका जागी थांबली. तीन वर्षांतलं हे पाचवं काम, पण हे टिकणार. इथे रंगाचे नि तेलाचे पत्र्याचे डबे होतात. माझ्या प्रेसवर त्यांची झाकणं पडतात. पत्रा सरकवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, की प्रेस धाडकन खाली. मिनिटाला बावीस झाकणं. दोन्ही हात बटणांवर असले तरच मशीन हलतं, म्हणजे बोटं शाबूत राहतात. अशा चौदा प्रेस एका हॉलमध्ये. आपल्या घराखाली बाबा गाड्यांचे पोचे काढताना जो हातोडा घालतात ना, तो चौदा बाबांनी मिळून घातला तर कसं होईल? तसं.

हॉलमध्ये कुणी बोलतच नाही. अंगठा ओठाला लावला की चहा. मनगट चोळलं की साहेब आला. शेजारच्या प्रेसवर एक काका आहेत, सव्वीस वर्षं तिथेच उभे आहेत. त्यांना तर ओठ हलले की कळतं. कंपनीने कानांवर घालायला इअरमफ दिलेत, पण नुसते तेच घातले की डोकं आंबतं. म्हणून आम्ही पोरं मफच्या आत बारके इअरफोन घालतो आणि गाणी मशीनच्या वर चढवतो. तुला पाठवलेले मोठे हेडफोन वापरतेस ना? बाबांची ठोकठोक सुरू झाली की आवाज तिच्या वर ने, मग अभ्यास बघ कसा होतो. मशीनला गाण्याने हरवायचं, हा आमचा नियम.

एक गंमत. मागच्या महिन्यात गेटवर कान तपासायची गाडी आली होती. एका खोक्यात बसवतात, कानांवर टोप घालतात, हातात बटण देतात. आत बारीक टीं वाजलं की दाबायचं. कानवाल्या बाई काचेपलीकडे बसतात. मी काय केलं, त्यांच्या मागच्या खिडकीच्या काचेत त्यांचा हात दिसत होता, तो कळीवर गेला की मी बटण दाबलं. अव्वल पास. नापास होणाऱ्याला प्रेसवरून काढतात, म्हणून ही हुशारी. सातवीत अशी सुचली असती तर आज मीही शिकलेला असतो.

बाबांना माझा नमस्कार ओरडून सांग, नाहीतर पोचायचा नाही. लोभ असू दे, चुका लाल पेनाने काढल्यास तरी चालेल.
तुझा,
दादा

*

घर, गॅरेजच्या डोक्यावर
१५ जुलै

ती. दादास,
तुझ्या बिनपगारी मास्तरणीचा सा. नमस्कार.

चुका एकवीस निघाल्या. लाल पेनाची शाई संपली म्हणून बाकीच्या माफ केल्या. पण पत्र मी तीनदा वाचलं. आईने दोनदा ऐकलं आणि म्हणाली की पाचवं काम म्हणजे पंचविसाव्याची सुरुवात, मी नाही विश्वास ठेवत.

इकडे सगळं जसंच्या तसं. खाली बाबांकडे एक चेपलेली व्हॅन आली आहे, चार दिवस तिलाच ठोकताहेत. वर आईचं मशीन गाड्यांचे सीट कव्हर शिवतंय. बाबांना ऐकू येत नाही म्हणून आई ओरडते, आई ओरडते म्हणून मी ओरडते, आणि टीव्ही आम्हा तिघांवर ओरडतो. परवा पाहुणे आले होते, त्यांना वाटलं आमचं भांडण चाललंय. बिचारे अर्धा कप टाकून उठले.

हेडफोन मला जिवापाड आवडतात. शाळेतून आले की घालते ते जेवायला बसेपर्यंत. आधी धड्यांचे व्हिडिओ, मग गाणी, मग पुन्हा धडे. मोबाइल मध्येमध्ये लाल अक्षरांत विचारतो की एवढा मोठा आवाज नक्की हवा का, मी हो म्हणते. बाबांच्या हातोड्याला काय लाल अक्षरं कळतात? हेडफोन काढले की कानात थोडा वेळ बारीक शिटी वाजते, पण तिची सवय झाली आहे.

शाळेत मी आता पहिल्या बाकावर बसते. नवे सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, मग काय कळणार? इकडे वळले की बरं कळतं. माझ्या वर्गातल्या जाडीशी माझं भांडण झालंय. म्हणते की मी तुला मागून चार हाका मारल्या आणि तू शिष्टासारखी चालत राहिलीस. चार हाका मारल्याच नसतील. तिची सवयच आहे वाढवून सांगायची. आणि आपला कुकर बिघडलाय, शिटी फुसफुस करते नुसती. आईने नवी शिटी आणली, तीही तसलीच निघाली. दुकानदाराने फसवलं म्हटलं तर आई माझ्याकडे बघतच राहिली.

आता तुझी गंमत माझी झाली ती ऐक. गेल्या सोमवारी शाळेत तपासणीवाले आले. डोळे, दात, कान. ग्रंथालयात एक ताई छोटं यंत्र घेऊन बसल्या होत्या, टीं वाजलं की बोट वर करायचं. आणि समोर पुस्तकांचं काचेचं कपाट. त्यात ताईंचा हात अगदी स्वच्छ दिसत होता. तुझं पत्र शनिवारीच आलं होतं. ताईंनी माझ्या कार्डावर उत्तम असं लिहिलं. गंमत म्हणूनच केलं हं. गुरुदक्षिणा काय पाठवू ते कळव.

फोनचा हट्ट मात्र सोड. पत्रात माणूस जास्त कळतो.
लोभ आहेच, अक्षर सुधारलंस तर वाढेल.
तुझी,
टिटवी

*

डब्यांचा कारखाना
२४ जुलै

चि. टिटवीस,
आशीर्वाद. हे पत्र एकटीने वाच.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत काकांना वाचून दाखवलं. हॉलबाहेर पाण्याच्या टाकीजवळ आम्ही डबा खातो. पाहुणे अर्धा कप टाकून उठले तिथे काका पोट धरून हसले. कुकरपाशी आलो आणि त्यांचं हसू गेलं. तो भाग परत वाच म्हणाले. मग मुलगी केवढी आहे विचारलं. पंधरा संपून सोळावं, म्हटलं. त्यांनी डबा झाकून ठेवला. मी आपला पुढे कपाटाच्या काचेचं वाचत गेलो, स्वतःच्याच हुशारीवर खूश. वाचता वाचता माझीच जीभ अडखळली.

टिटवे, ती गंमत नव्हती. माझी. मी तुला खोटं लिहिलं. त्या खोक्यात डाव्या कानाचं सुरू झालं तेव्हा मी वाट बघत होतो आणि काहीच वाजत नव्हतं. मला वाटलं बाईंनी अजून सुरूच केलं नाही. मग वर बघितलं तर काचेत त्यांचा हात कळीवर होता. दाबलेला. म्हणजे वाजत होतं. त्यानंतर मी कान सोडून दिले आणि काचेतच बघत राहिलो. घाबरून केलं ते, आणि तुला फुशारकी म्हणून कळवलं.

आता खरं सांग, तू कधी बघितलंस काचेत? पहिल्यापासून, की वाजेनासं झाल्यावर?

काकांना मी सांगितलं तर म्हणाले की मला ठाऊक आहे, मीही पंधरा वर्षं तसाच पास होतोय. त्यांचा आधी घड्याळाचा गजर गेला. मग दारावरची घंटा. आता त्यांची नात बोलते तेव्हा ते नुसतं हसून मान हलवतात, आणि ती लबाड पोरगी त्यांच्याकडून काहीही कबूल करून घेते. हे सांगताना ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते.

शुक्रवारी कानवाल्या बाई कारखान्याच्या दवाखान्यात बसतात. मी मित्राच्या बहिणीचं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या की कानाच्या आत खोलवर अगदी बारीक केसांसारखं काही असतं, आवाज तेच पकडतात. फार मोठ्या आवाजाने ते वाकतात. विश्रांती मिळाली तर उभे राहतात. रोज रोज वाकवले तर मोडतात, आणि मोडले की नवे येत नाहीत. कधीच नाहीत. कानात शिटी वाजते ती त्यांची बोंब असते. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. शब्द येतात पण अर्धे, म्हणून पोरं तोंडाकडे बघायला लागतात, पुढे बसायला लागतात, फोन टाळतात. त्या बोलत होत्या आणि मला वाटत होतं की बाई तुझं पत्रच वाचून दाखवताहेत.

तू फोन का घेत नाहीस ते मला कळलं गं. फोनवर ओठ दिसत नाहीत.

परत प्रेसवर गेलो तर पत्रा नीट सरकवता येईना. दहा झाकणं वाकडी पडली. मशीनला गाण्याने हरवायचं, हे मी तुला शिकवलं. हेडफोन मी पाठवले. काचेत बघायचं मी सांगितलं. आजपासून ते घालू नकोस आणि आईला सगळं सांग. माझं नाव घालून सांग.
वाट बघतोय. लोभ नंतर बघू, आधी उत्तर दे.
दादा

*

घर
३० जुलै

ती. दादास,
नमस्कार.

तुला पहिल्यापासूनच गोष्टी फुगवायची सवय आहे. मला सगळं ऐकू येतं. बाबांचा हातोडा येतो, आईचं ओरडणं येतं, टीव्ही येतो. थोडं इकडेतिकडे होत असेल तर ते परीक्षेच्या ताणाने.

आणि समजा नसेल येत, तर काय करणार आहात? बाबांना गल्लीत बहिरा डेंटर म्हणतात ते तुला माहीत आहे. गिऱ्हाइकं त्यांच्या तोंडावर त्यांना शिव्या देतात आणि ते हसून चहा मागवतात. मी ते खिडकीतून बघत आले आहे. उद्या कानात यंत्र घालून शाळेत गेले की मी डेंटरची बहिरी. जाडी तर नावं ठेवायला टपलेलीच आहे.

आईला एक अक्षर लिहिशील तर तुला माझी शपथ आहे. मी हेडफोन कमी करते, झालं? काच मी कधी बघितली ते विचारू नकोस.

लोभ असावा एवढंच, चौकशी नको.
टिटवी

*

घर
११ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तू समजून घे. हे सगळं फोनवर बोलायला गेले तर मला रडू येतं, म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळी तुझ्या बाबांची ती व्हॅन तयार झाली. ते ती गॅरेजमधून मागे घेत होते, गल्लीत काढायला. मी वर खिडकीत कव्हरचे दोरे कापत बसले होते. टिटवी शाळेतून अर्ध्या दिवसाने परत येत होती, दप्तर पुढे घेऊन काहीतरी शोधत, व्हॅनच्या नेमकी मागे. मी ओरडले. अगं बाजूला हो, अहो थांबा. दोघांनाही. बाबांनी हॉर्न दाबून ठेवला होता तो वेगळाच. ती तशीच खाली मान घालून उभी. ते तसेच बाजूच्या आरशात बघत वळण घेताहेत, माझा आवाज काही त्यांच्यापर्यंत जात नाही. सगळं दिसत होतं ते मला एकटीला, आणि मीच वरती. हातातली कात्री मी खाली फेकली. ती व्हॅनच्या काचेवर पडली म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. व्हॅनचं मागचं टोक हिच्या दप्तराला टेकलं होतं. ही पडली, ढोपर फुटलं. बाकी काही नाही. पण दप्तराऐवजी तिचं अंग असतं तर काय झालं असतं, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

तेव्हा तिच्या कानांवर हेडफोन नव्हते रे. ते मी खाली जाताच बघितलं. कानांवर काही असतं तर मी त्यालाच दोष देऊन मोकळी झाले असते. विचारलं तर म्हणते की मी विचारात होते. एवढा कसला विचार की हॉर्न ऐकू येऊ नये? कुणा मुलाचं काही आहे का, मला तर तीच शंका येते. बाबा दोन दिवस गॅरेज उघडायलाच तयार नाहीत. हातोड्याकडे बघत बसतात.

तुझं ती ऐकते. जरा खडसावून लिही. आणि तुला काही माहीत असेल तर माझ्यापासून लपवू नकोस.
तिकडे जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती सांगायची नसते.
आई

*

डब्यांचा कारखाना
१६ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. नमस्कार. हे वाचताना मशीनवर बसू नकोस, सुई हातात जाईल.

मुलाबिलाचं काही नाही. तिला ऐकू येत नाही. मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे. तिने शपथ घातली म्हणून गप्प राहिलो, आणि त्या तीन आठवड्यांत ती व्हॅन तिच्या अंगावर आली. तुझं पत्र मी टाकीजवळ उभा राहून वाचलं आणि तिथेच खाली बसलो. काकांनी पाणी पाजलं.

सगळं लिहितो. ती चार चार तास हेडफोन लावते, आवाज अगदी शेवटपर्यंत नेते, कारण खाली हातोडा असतो आणि त्याच्या वर ने असं मीच तिला लिहिलं होतं. आपल्या घरात सगळेच ओरडतात, म्हणून तिचं ओरडणं आणि टीव्ही वाढवणं कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या घरात महिन्याभरात कळलं असतं. कुकरच्या शिट्या बदलू नकोस, त्या चांगल्या आहेत. शाळेच्या कार्डावर उत्तम लिहिलंय त्यावर विश्वास ठेवू नकोस. तिने कपाटाच्या काचेत बघून बोट वर केलं. तेही मीच शिकवलं. आई, मी सातवीपुढे काही शिकलो नाही आणि पोरीला शिकवायला गेलो.

मोठ्या इस्पितळात कानांचे डॉक्टर असतील तिथे याच आठवड्यात ने. उद्या गेलेलं परवापेक्षा बरं. आत खोक्यात बसवतील तेव्हा तूच बघ, तिच्या समोर काच, आरसा, चकचकीत काहीही नको. तोंड भिंतीकडे. बाबांनाही ने. त्यांच्यासाठी कानातलं यंत्र मागायला इतकी वर्षं आपल्याला सुचलं नाही, कारण त्यांना आपण तसंच धरून चाललो. तिचंही तसंच धरून चालू लागलो असतो.

तिला रागावू नकोस. ती काय म्हणाली माहीत आहे? गल्लीतले बाबांना हसतात ते तिने खिडकीतून बघितलंय. ती कानांपेक्षा त्या हसण्याला घाबरली आहे. मी मात्र कानांना घाबरलोय. आणि तिने विचारलं तर सांग, दादाने शपथ मोडली. शपथेने काही झालंच तर ते माझं होऊ दे.

या शुक्रवारी मीही बाईंकडे जाणार आहे. ते नंतर लिहितो.
माया असू दे, मार भेटल्यावर दे.
तुझा,
भिंगरी

*

घर
२८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. नमस्कार.

आठवडाभर मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते, म्हणून उशीर. तू शपथ मोडलीस. बरं केलंस असं मी अजून म्हणणार नाही.

आम्ही तिघं गेलो. रांगेत बाबा पहिल्यांदाच माझ्या शेजारी इतका वेळ नुसते बसले होते. त्यांच्या नखांत रंग होता. नर्सने आमचं नाव पुकारलं ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही. आईने एकेका हाताने दोघांना उठवलं. समोरच्या बाकावरची बाई हसली. मला वाटलं होतं की असं कुणी हसलं तर मी मरून जाईन. तसं काही झालं नाही.

खोक्यात मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आईनेच खुर्ची फिरवली. भिंतीला भोकाभोकांचा फोम होता, दुसरं काही नाही. सुरुवातीला टीं आलं, मी दाबलं. मग आलं, दाबलं. मग येईनासं झालं. दादा, मला माहीत होतं की वाजतंय. बाहेर कुणीतरी कळ दाबून बसलंय आणि आत मी एकटी, आणि काही नाही. बोट आपोआप बटणाकडे जायचं. अंदाजाने दाबावं, दोनचार तरी बरोबर येतील. तू विचारलं होतंस ना, मी काच कधी बघितली? तेव्हा. शाळेत हीच शांतता आल्यावर. या वेळी मी हात मांडीखाली घेऊन बसले आणि दाबलं नाही. इतकं भ्यायले होते की फ्रॉकला घाम पुसत होते, पण दाबलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. सरळ जाते आणि मग खड्ड्यात पडल्यासारखी खाली येते. दोन्ही कानांत, उजव्यात जास्त. ते म्हणाले की खड्ड्यातलं परत येणार नाही. जे आहे ते जपलं तर टिकेल. यंत्र लगेच नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर शाळेत पहिला बाक आणि सरांना वळून बोलायला सांगायचं. हेडफोन पूर्ण बंद. मी विचारलं, पुन्हा कधीच का? ते म्हणाले की अर्ध्यापेक्षा कमी आवाजात, थोडा थोडा वेळ, ते पुढचं पुढे. आणि खालच्या हातोड्याचाही यात हात आहे असं म्हणाले. तेव्हा बाबांनी आईला विचारलं की काय म्हणाले. आईने ओरडून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला.

बाबांना यंत्र बसवलंय. पहिल्या दिवशी आईचं मशीन ऐकून दचकले. म्हणाले, ही बाई वीस वर्षं हे सहन करते? गल्लीच्या टोकाला एक पत्र्याची शेड रिकामी आहे, ठोकायचं काम तिकडे नेणार आहेत. कानांवर मफ घालून.

जाडीला मी सांगितलं. ती म्हणाली की आता पुढून हाक मारत जाईन. मग रडली, मूर्ख.

तू एकट्याने सगळं अंगावर घेऊ नकोस. आवाज मी वाढवत होते. लाल अक्षरांना हो मी म्हणत होते.
मला अजून भीती वाटते, रोज सकाळी उठल्यावर आधी बोटं कानाजवळ चोळून आवाज येतो का बघते. लोभ असावा, खरं लिहावं.
तुझी,
टिटवी

*

डब्यांचा कारखाना
५ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा माझीही तपासणी होऊन गेली होती. मी बाईंना म्हटलं, माझी खुर्ची फिरवा. त्यांनी का विचारलं. मागच्या वेळी मी काचेत बघून दाबलं, असं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. खुर्ची फिरवली. पुढे तुला माहीतच आहे, तू लिहिलंस त्याहून मला वेगळं काही लिहिता येणार नाही. फक्त मी हात मांडीखाली घेतला नाही, त्यामुळे दोनदा अंदाजाने दाबलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर बाईंनी टोप काढला आणि म्हणाल्या की आत्ता काही वाजवलंच नव्हतं. मग परत पहिल्यापासून.

डावा बराच गेलाय. उजवा थोडा. वय बावीस लिहिताना बाईंनी मला परत विचारलं, बावीसच ना.

प्रेसवरून काढलं मला. पॅकिंगला टाकलंय, खोक्यांत डबे भरायचे. इथे आवाज नाही. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण आवाज नसला की डाव्या कानातली शिटी मोकाट सुटते. जेवताना, बोलताना, हे लिहितानाही. बाई म्हणाल्या की कदाचित कमी होईल, कदाचित नाही. काका मला बघायला आले होते. पुढच्या शुक्रवारी तेही खुर्ची फिरवून बसणार आहेत. साठीला आलेला माणूस, पण विचारत होता की आत दुखत नाही ना.

आणखी एक राहिलं. फॉर्म भरताना बाईंनी विचारलं की घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं का. वडिलांना, म्हटलं. कशाने? कामाने. त्यांनी लिहिलं. आणखी कुणाला? धाकट्या बहिणीला. कशाने? मी म्हटलं, मी दिलेल्या हेडफोनने, आणि आवाज चढव असं मी लिहिलं होतं त्याने. बाईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. म्हणाल्या, वडिलांपाशी थांबू, पुढचं लिहायला यात रकाना नाही.

म्हणून तुला लिहितोय. एकट्याने अंगावर घेऊ नकोस म्हणतेस, बरं. पण माझा वाटा कुठेतरी लिहिलेला असू दे.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर किती, ते खरं कळव.
तुझा,
दादा